विखुरलेल्या अक्षरांचा इतिहास



कांहीं इंग्रजी अक्षरें कागदावर लिहून द्यावीं आणि ज्यांत तीं सर्व येतात असा शब्द शोधून काढावयास सांगावें, हा खेळ आपल्यापैकीं पुष्कळांनीं लहानपणीं खेळलेला असेल. वर्तमानपत्रांतील शब्दकोड्यांमुळें तो अजूनहि घरोघर चालू आहे. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारांत दिलेलीं अक्षरें तेवढींच वापरावयाचीं; एकहि कमी नाहीं कीं एकहि जास्त नाहीं. दुसऱ्या प्रकारांत दिलेलीं अक्षरें शब्दांत आलीं म्हणजे झालें; बाकीचीं कोणतींहि असोत. उदाहरणार्थ, एन, ई, टी आणि आर हीं चार अक्षरें घ्या. पहिल्या प्रकारानें त्यांचा 'रेंट' म्हणजे भाडें हा शब्द होतो. दुसऱ्या प्रकारानें 'विंटर', 'प्रिंटर', 'सेंटर', 'इंटरेस्ट' असे किती तरी शब्द हातीं लागतात.

हा नुसता पोरखेळ आहे, असें वाटणें साहजिक आहे. परंतु या पोरखेळाला निदान चार शतकांचा इतिहास आहे. त्यांत मोठमोठे ज्योतिषी आहेत, छापखान्यांतील जुळारी आहेत, नोकरी गेलेला एक आर्किटेक्ट आहे आणि महायुद्धाच्या ऐन धामधुमींत गुप्तचरांच्या संशयाला पात्र झालेला एक हेडमास्तरहि आहे. या सर्वांच्या हकीकतींवरून मला एकच गोष्ट आपणांपुढें मांडावयाची आहे. अक्षरांची व्यवस्था लावणें वेगळें आणि त्यांतून अर्थ काढणें वेगळें. पहिल्या कामाला हिशेब आणि चिकाटी पुरते. दुसऱ्याला विवेक लागतो.

प्रथम या शोधांतील अडचण कोठें आहे तें पाहूं. सहा निरनिराळीं अक्षरें एकापुढें एक मांडण्याच्या रीती ७२० होतात; सातांच्या ५,०४० आणि दहांच्या ३६,२८,८००. हें गणित आपल्याकडे नवीन नाहीं. भास्कराचार्यांनीं 'लीलावती'च्या अखेरीस 'अंकपाश' या प्रकरणांत अंकांच्या अशाच मांडणीचा हिशेब दिलेला आहे. आतां एल, आय, एस, टी, ई, एन हीं सहा अक्षरें घ्या. त्यांच्या ७२० मांडण्यांपैकीं अर्थपूर्ण इंग्रजी शब्द किती? 'लिसन' म्हणजे ऐकणें. 'सायलेंट' म्हणजे निःशब्द. 'एन्लिस्ट' म्हणजे सैन्यांत नांव दाखल करणें. 'टिन्सेल' म्हणजे चकचकीत कलाबतू. आणि 'इन्लेट्स' म्हणजे समुद्राचे जमिनींत शिरलेले फांटे. याखेरीज फारसे शब्द नाहींत. बाकीच्या सातशेंहून अधिक मांडण्या म्हणजे नुसतें भूस. या भुसांतून पांच दाणे वेंचावयाचे, हाच सारा प्रश्न.

येथें एक भेद सांगितला पाहिजे. आपलें देवनागरी अक्षर म्हणजे स्वर व व्यंजन मिळून झालेला एक पुरा उच्चार असतो. काना, मात्रा, वेलांटी त्याला चिकटलेलीं असतात. इंग्रजींत प्रत्येक स्वर आणि प्रत्येक व्यंजन सुटें असतें. तें उचलून कोठेंहि ठेवतां येतें. शिवाय त्या भाषेंत लेखन आणि उच्चार यांची अर्धीमुर्धी फारकत झालेली आहे. 'लिसन' या शब्दांत टी लिहावा लागतो, पण तो ऐकूं येत नाहीं. 'सायलेंट' या शब्दांत तोच टी स्पष्ट वाजतो. म्हणून या खेळांत जो कानावर विसंबतो तो फसतो. जन्मभर वर्गांत इंग्रजी शिकवितांना मला असें दिसून आलें कीं, ज्या मुलाला शब्द डोळ्यांपुढें दिसतो तो हा खेळ जिंकतो, आणि ज्याला तो केवळ ऐकूं येतो तो मागें राहतो.

आतां इतिहासाकडे वळूं. सतराव्या शतकांत युरोपांतील शास्त्रज्ञ आपसांत लॅटिन भाषेंत लिहीत असत, म्हणून या कथेचा आरंभ इंग्रजीपूर्वीं लॅटिनमध्यें होतो. त्या काळीं नवा शोध लागला कीं शास्त्रज्ञापुढें पेंच पडे. लगेच प्रसिद्ध करावा तर तो अजून पुरा पडताळलेला नाहीं. गप्प बसावें तर दुसरा कोणी पुढें येऊन तोच शोध आपला म्हणून सांगेल. यावर तोडगा असा निघाला कीं, शोधाचें वाक्य लिहावें, त्यांतील अक्षरें विस्कटून टाकावीं आणि ती विस्कटलेली ओळ मित्रांकडे पाठवावी. पुढें वाद उपस्थित झाला तर अक्षरें जुळवून दाखवावयाचीं.

इ. स. १६१० सालीं गॅलिलिओनें दुर्बिणींतून शनि पाहिला. त्याला ग्रहाच्या दोहों बाजूंस दोन गोळे असल्यासारखे दिसले. 'सर्वांत दूरचा ग्रह तिहेरी दिसला' अशा अर्थाच्या लॅटिन वाक्याचीं ३७ अक्षरें विस्कटून त्यानें तीं प्राग येथें पाठविलीं. तेथें थोर ज्योतिर्विद केप्लर होता. केप्लरनें खटपट करून तीं ३७ अक्षरें एकहि न गमावतां जुळविलीं. आणि त्याला जें वाक्य मिळालें त्याचा आशय मंगळाला दोन चंद्र आहेत असा होता! त्याची लॅटिन भाषा थोडी ओढाताणीची होती, परंतु अक्षरांचा हिशेब चोख होता. पुढें त्याच वर्षीं गॅलिलिओनें आपलें खरें वाक्य प्रगट केलें.

या हकीकतींतील योगायोग पाहा. गॅलिलिओचें वाक्य त्याच्या मनांतलें खरें. परंतु शनीचीं तीं दोन 'बाजूचीं बिंबें' नव्हतींच. शनीभोंवतीं कडें आहे, हें १६५९ सालीं ह्यूजेन्सनें सांगितलें. आणि त्यानेंहि तें आधीं अक्षरांच्याच कोड्यांत लपवून ठेविलें होतें. उलट, केप्लरचा तर्क कोड्याचें उत्तर म्हणून साफ चुकला. पण १८७७ सालीं असाफ हॉल या अमेरिकन ज्योतिषाला मंगळाचे खरोखरीच दोन चंद्र सांपडले. अक्षरें तींच, एकाचा अर्थ त्यांतून बरोबर निघाला, पण आकाशांत चुकला, दुसऱ्याचा अर्थ कोड्यांत चुकला, पण आकाशांत बरोबर ठरला. अक्षरें जुळलीं म्हणजे सत्य सांपडलें असें नव्हे, हा पहिला धडा येथें मिळतो.

इंग्लंडांत रॉबर्ट हूकनें या युक्तीला अधिक शिस्तीचें रूप दिलें. १६७६ सालीं एका पुस्तकाच्या अखेरीस त्यानें चौदा अक्षरें छापलीं: सी, ई, तीन आय, एन, ओ, तीन एस, दोन टी, यू आणि व्ही. तीं कशींहि विस्कटलेलीं नव्हतीं. वर्णमालेच्या क्रमानें ओळीनें लावलेलीं होतीं. दोन वर्षांनीं त्यानें उत्तर सांगितलें. 'जसा ताण तसें बल' असा त्या लॅटिन वाक्याचा अर्थ होता. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत विद्यार्थी जो हूकचा नियम शिकतात तो हाच. अक्षरें वर्णक्रमानें लावण्यांत हूकचा हेतु असा कीं, मूळ मांडणीचा मागमूसहि राहूं नये. ही वर्णक्रमाची युक्ति आपण लक्षांत ठेवावी. ती पुढें अगदीं उलट कामासाठीं परत येणार आहे.

एकोणिसाव्या शतकांत हा नाद शास्त्रज्ञांकडून सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांत आला. 'ॲलिस'च्या गोष्टी लिहिणारा लुइस कॅरोल हा ऑक्सफर्ड येथें गणिताचा अध्यापक होता. ग्लॅडस्टन यांच्या पूर्ण नांवाचीं अक्षरें फिरवून त्यानें 'बेफाम चळवळ्या, पण हेतु चांगला' अशा अर्थाचें वाक्य तयार केलें, आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नांवांतून धीर देत फिरणारी देवदूती काढली. १८७९ सालीं त्यानें लंडनच्या 'व्हॅनिटी फेअर' साप्ताहिकांत एक एक अक्षर बदलून एका शब्दाचा दुसरा शब्द करण्याचीं कोडीं चालू केलीं. आणि १८८० सालीं, बुद्धिबळाच्या पटावर अक्षरें सरकवून शब्द बनविण्याचा खेळ करतां येईल, अशी कल्पना आपल्या रोजनिशींत टिपून ठेविली.

परंतु या विद्येंतील खरी प्रगति विनोदी पंडितांनीं केली नाहीं. ती मोजणाऱ्या माणसांनीं केली. छापखान्यांतील जुळाऱ्याला हें फार पूर्वींपासून ठाऊक होतें कीं, सर्व अक्षरें सारखीं लागत नाहींत. खिळ्यांच्या केशींत ई या अक्षराचा कप्पा सर्वांत मोठा असतो आणि तो हाताशीं असतो. झेड, क्यू यांचे कप्पे लहान आणि दूर असतात. तारायंत्राची लिपि तयार करतांना मोर्सच्या मंडळींनीं हीच मोजदाद उपयोगांत आणली. त्यांच्या यादींत ई चे खिळे १२,००० तर झेडचे केवळ २०० होते. म्हणून ई साठीं एकच टिंब, टी साठीं एकच रेघ, आणि क्यूसाठीं चार खुणा, अशी वांटणी झाली. १८८६ सालीं न्यूयॉर्कच्या 'ट्रिब्यून' पत्रांत लायनोटाइप यंत्र सुरू झालें, तेव्हां त्याच्या कळाहि अशाच वापराच्या क्रमानें बसविलेल्या होत्या: ई, टी, ए, ओ, आय, एन आणि पुढें.

साधारण इंग्रजी मजकुरांत शंभर अक्षरांमागें बारा-तेरा वेळां ई येतो. नाचणाऱ्या मनुष्याकृतींचें कोडें सोडवितांना शेरलॉक होम्सनें आधीं ई शोधला, तो याच आधारावर. १९३९ सालीं अर्नेस्ट व्हिन्सेंट राइट या अमेरिकन लेखकाची पन्नास हजारांवर शब्दांची एक कादंबरी प्रसिद्ध झाली, तींत त्यानें ई मुळींच येऊं दिला नाहीं. चुकून हात पडूं नये म्हणून त्यानें टंकयंत्राची ती पट्टीच बांधून टाकली होती. अक्षर टाळावयाचें म्हटलें कीं त्याचें वजन कळतें.

या मोजणीचा सर्वांत गोड उपयोग एका बेकार माणसानें केला. अमेरिकेंत १९२९ नंतर मंदीची लाट आली, तींत आल्फ्रेड बट्स या आर्किटेक्टची नोकरी गेली. रिकामपणांत खेळ निर्माण करावा असें त्याच्या मनानें घेतलें. 'न्यूयॉर्क टाइम्स'सारखीं पत्रें पुढें घेऊन तो त्यांतील अक्षरें मोजीत बसला. त्या मोजणीवरून त्यानें शंभर लाकडी फरशा ठरविल्या: ई च्या बारा, आणि क्यू व झेड यांची प्रत्येकीं एक. जें अक्षर दुर्मिळ त्याला गुण अधिक. ई ला एक तर झेडला दहा. एस हें अक्षर इंग्रजींत पुष्कळ येतें, तरी त्यानें त्याच्या चारच फरशा ठेविल्या. कारण नामाला एस लावला कीं अनेकवचन होतें, आणि खेळ फार सोपा झाला असता. शब्दांचें हें व्याकरण मोजणीच्या वर त्यानें आपल्या विचारानें घातलें, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

या खेळाला यश मात्र लौकर आलें नाहीं. खेळणीं करणाऱ्या कंपन्यांनीं तो नाकारला. १९४८ सालीं जेम्स ब्रूनो यानें तो हातीं घेतला आणि त्याला 'स्क्रॅबल' हें नांव दिलें. १९४९ सालीं त्यानें २,४०० संच तयार केले आणि ४५० डॉलर तोटा सोसला. १९५२ नंतर मागणी एकाएकीं वाढली, आणि आज आपल्या शहरांतील घरांतहि हा पट सांपडतो.

दरम्यान वर्तमानपत्रांतील उभ्या-आडव्या चौकोनांच्या शब्दकोड्यानें जग व्यापलें होतें. आर्थर विन यानें २१ डिसेंबर १९१३ रोजीं 'न्यूयॉर्क वर्ल्ड' पत्रांत तें प्रथम छापलें. लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'नें तें १९२५ सालीं घेतलें. 'टाइम्स'नें नाकें मुरडून अखेर १९३० सालीं घेतलें. पुढें दुसरें महायुद्ध आलें, आणि या करमणुकीला अकस्मात् गंभीर रूप प्राप्त झालें. जानेवारी १९४२ मध्यें 'डेली टेलिग्राफ'नें बारा मिनिटांच्या आंत कोडें सोडविण्याची स्पर्धा आपल्या कचेरींत भरविली. त्यानंतर भाग घेणाऱ्यांपैकीं कांहींजणांना युद्धखात्याचीं पत्रें आलीं; आणि शत्रूच्या सांकेतिक संदेशांचा उलगडा जेथें गुप्तपणें चालला होता त्या ब्लेचली पार्कमध्यें त्यांतील कोणी कामाला लागले. विखुरलेल्या अक्षरांत शब्द पाहणारी दृष्टि आतां राष्ट्राच्या संरक्षणासाठीं हवी झाली होती.

परंतु त्याच 'टेलिग्राफ'च्या कोड्यांनीं एका शिक्षकावर जें संकट आणलें तेंहि ऐकण्यासारखें आहे. लंडनच्या स्ट्रँड स्कूलचे हेडमास्तर लेनर्ड डॉ हे १९२५ पासून त्या पत्राचीं शब्दकोडीं रचीत असत. युद्धांत त्यांची शाळा सरे परगण्यांतील एफिंगम येथें हलविली होती. १९४४ च्या मे महिन्यांत दोस्तांचीं सैन्यें फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरण्याची तयारी करीत होतीं. आणि ती तयारी हेंच त्या वेळचें सर्वांत मोठें गुपित होतें. अशा वेळीं २ मेच्या कोड्याचें एक उत्तर 'यूटा' निघालें. २२ मेला 'ओमाहा', २७ मेला 'ओव्हरलॉर्ड', ३० मेला 'मल्बरी' आणि १ जूनला 'नेपच्यून'. यूटा व ओमाहा हीं अमेरिकन सैन्य उतरावयाच्या किनाऱ्यांचीं सांकेतिक नांवें. ओव्हरलॉर्ड हें सर्व मोहिमेचें. मल्बरी हें समुद्रांत उभारावयाच्या कृत्रिम बंदरांचें. आणि नेपच्यून हें तिच्या आरमारी भागाचें. ६ जूनला चढाई व्हावयाची होती!

गुप्तचर खात्याचे अधिकारी हेडमास्तरांकडे आले आणि त्यांनीं त्यांची कसून उलटतपासणी केली. शत्रूला बातमी पोंचविल्याचा संशय खरा ठरता तर परिणाम काय झाला असता, तें सांगावयास नको. परंतु त्यांच्याविरुद्ध कांहीं सिद्ध झालें नाहीं. १९५८ सालीं त्यांनीं स्वतः एका मुलाखतींत या प्रसंगाची हकीकत सांगितली. मग ते शब्द तेथें आले कोठून? १९८४ सालीं त्यांच्या एका माजी विद्यार्थ्यानें खुलासा केला. हेडमास्तर रिकामी चौकट मुलांपुढें ठेवीत आणि जुळतील ते शब्द भरावयास सांगत. मागाहून ते त्या शब्दांना सूचक वाक्यें लिहीत. शाळेच्या आसपास सैन्याचे तळ होते. मुलें शिपायांत मिसळत आणि त्यांच्या तोंडचीं अपरिचित नांवें उचलीत. तींच आपण चौकटींत बसविलीं, आणि तपासणीनंतर हेडमास्तरांनीं आपली वही जाळावयास लावली, असें त्या विद्यार्थ्याचें म्हणणें होतें. तें जसेंच्या तसें धरावें कीं नाहीं, हा प्रश्न राहतोच. तथापि येथेंहि केप्लरचाच धडा दुसऱ्या रूपानें दिसतो. अक्षरें व शब्द डोळ्यांसमोर होते. अधिकाऱ्यांना त्यांत फितुरी दिसली. आणि विद्यार्थ्याचें म्हणणें खरें धरलें तर त्यांत केवळ शाळकरी पोरांचा उत्साह होता.

आतां हूकच्या वर्णक्रमाकडे परत जाऊं. आज संगणक दिलेल्या अक्षरांचे शब्द क्षणांत काढून दाखवितो. तो ७२० मांडण्या करून पाहत असेल, अशी पुष्कळांची समजूत असते; तसें करण्याची त्याला गरज नसते. कोशांतील प्रत्येक शब्दाचीं अक्षरें आधींच वर्णक्रमानें लावून ठेवतां येतात. 'लिसन', 'सायलेंट', 'एन्लिस्ट', 'टिन्सेल' या सर्वांचीं अक्षरें वर्णक्रमानें लावलीं कीं एकच ओळ होते: ई, आय, एल, एन, एस, टी. ही ओळ म्हणजे त्या सर्व शब्दांची सामाईक खूण. अशा खुणांचीच यादी केली म्हणजे एका खुणेखालीं सारे भावंड शब्द एकत्र बसलेले सांपडतात. ज्या युक्तीनें हूकनें आपलें वाक्य लपविलें, तीच युक्ति आज शब्द शोधून देते. दुसऱ्या प्रकारच्या कोड्यांत, जेथें दिलेल्या अक्षरांहून अधिक अक्षरें चालतात, तेथें प्रत्येक शब्दांत कोणतें अक्षर किती वेळां आलें तें मोजून ज्यांत एकादें कमी पडेल तो शब्द गाळावयाचा. जे राहतील तीं उत्तरें. दोहोंकडे रीत तीच: मोजा आणि क्रम लावा.

घरीं मुलांबरोबर हा खेळ खेळतांना हीच रीत थोड्या फरकानें उपयोगी पडते. आधीं स्वर एका बाजूला आणि व्यंजनें दुसऱ्या बाजूला लिहावीं. क्यू असेल तर त्याच्यामागें यू ठेवावा. टी व एच, सी व एच, एस व टी असे नेहमींचे सोबती जोडून पाहावे. शेवटीं आय-एन-जी, ई-डी, ई-आर असे प्रत्यय निघतात कां, तें तपासावें. प्रत्यय बाजूला निघाला कीं उरलेलें कोडें निम्म्यानें लहान होतें. आणि अक्षरें ओळींत न मांडतां वर्तुळांत मांडावीं. म्हणजे दिलेल्या क्रमाची भुरळ डोळ्यांवर राहत नाहीं. अशा खेळांतून मुलाचें स्पेलिंग जितकें पक्कें होतें तितकें दहादां लिहून घेऊनहि होत नाहीं, असा माझा अनुभव आहे.

यंत्र हें सर्व आपल्याहून जलद करील. त्याबद्दल खंत करण्याचें कारण नाहीं. जुळाऱ्याच्या केशीपासून संगणकापर्यंत अक्षरें मोजण्याचें काम उत्तरोत्तर सोपें होत आलें आहे. परंतु सांपडलेल्या शब्दाचा अर्थ काय घ्यावयाचा, तो प्रश्न केप्लरपुढें होता तसाच आपल्यापुढेंहि आहे. अक्षरें जुळलीं या एवढ्या पुराव्यावर एकानें आकाशांत चंद्र पाहिले आणि दुसऱ्यांनीं एका सज्जन शिक्षकांत हेर पाहिला. म्हणून शब्द सांपडतांच कोडें सुटलें असें मानूं नये. तो तेथें कां आला, हें विचारण्याची संवय मुलांना लावावी.